अबोल्यातली होडी

“सांग त्याला, फळी अजून ओली आहे. आणि सांग, लाकूड ओळखता येत नसेल तर मेस्त्री आडनाव काढून टाक म्हणावं.”

भावजी मांडवात उलट्या घातलेल्या होडीवर वाकून बोलत होते. मी “बरं” म्हटलं आणि निघाले. मांडवापासून मागच्या पडवीपर्यंत वीस पावलं. आधी तुळस, मग न्हाणीचा कोपरा, मग पडवी. पडवीत आमचे हे चहा पीत बसले होते.

“काय म्हणतो?” ह्यांनी बशीत बघत विचारलं.

“म्हणतात, फळी आणखी एक दिवस उन्हात राहिली तर बरं. बाकी काम एक नंबर झालंय म्हणाले.”

“हं,” हे म्हणाले. “लाकडातलं कळायला लागलं वाटतं त्याला.”

वीस पावलं म्हणजे काही थोडी नाहीत. तेवढ्यात माणसाला पुष्कळ सुचतं.

आता खाडीवर पूल झालाय आणि त्या होडीबद्दल कुणी विचारत नाही. पण मी सांगते आहे ते ब्याण्णव सालचं. तेव्हा आमचे हे आणि धाकटे भावजी एकमेकांशी नऊ वर्षं बोलत नव्हते. जमिनीवरून नाही, दागिन्यांवरून नाही. भांडण न्हाणीच्या दारावरून झालं होतं.

आम्ही मेस्त्री, म्हणजे सुतार. सासऱ्यांनी जन्मभर होड्या बांधल्या, ह्यांनीही बांधल्या. मधुकर भावजीही बांधतील असं सगळे धरून चालले होते. तर भावजी रत्नागिरीला फायबरच्या कारखान्यात लागले. तिथे पाण्याच्या टाक्या, संडासाची भांडी आणि दारं व्हायची. पहिल्याच दिवाळीला त्यांनी मोठ्या हौसेने निळं फायबरचं दार आणलं आणि घरच्या न्हाणीला बसवलं. आधीचं दार फणसाचं, सासऱ्यांच्या हातचं, खालून पार कुजलेलं. त्यातून शेजारची कोंबडी आत येई. हे तेव्हा घरी नव्हते. संध्याकाळी आले, अंघोळीला गेले, दार बघितलं आणि अंघोळ न करताच बाहेर आले. दार उचकटलं, खांद्यावर घेतलं आणि नेऊन खाडीत टाकलं.

फायबरचं दार बुडत नाही, हे ह्यांना ठाऊक नव्हतं. भरतीबरोबर ते परत आलं आणि तीन दिवस वाडीसमोर तरंगत राहिलं. वाडीतल्या यच्चयावत माणसांनी बघितलं. चौथ्या दिवशी घरात मधे भिंत उभी राहिली आणि दोन चुली झाल्या.

विहीर एकच राहिली, मांडव एकच राहिला, आणि मी एकच राहिले. मी लग्न होऊन आले तेव्हा भावजी पंधरा वर्षांचे होते, माझ्या हातचं खाऊन मोठे झालेले. त्यामुळे त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं नाही. पुढे त्यांचं लग्न झालं, नलू घरात आली आणि चार वर्षांतच तापाचं निमित्त होऊन गेली. मग त्या बाजूला भावजी एकटेच. हे मांडवात असले की ते येत नसत, ते आले की हे उठत. मधले निरोप माझ्याकडे.

मी खोटं बोलते आहे असं मला कधी वाटलं नाही. तांदळातले खडे काढले तर त्याला कुणी खोटं म्हणतं का? पण खरं सांगायचं तर पुढे पुढे मी खडे काढून थांबले नाही. मूठभर तांदूळ घरचेही घालायला लागले. “भावजी विचारत होते, ताप उतरला का?” भावजींनी विचारलेलं नसे. “ह्यांनी सांगितलंय, उन्हातून येताय, आधी पाणी प्या.” ह्यांनी तर बापजन्मात असलं काही कुणाला सांगितलेलं नाही.

होडी निघाली ती माझ्या नोकरीपायी. मला खाडीपलीकडच्या कातळवाडीत अंगणवाडीत नेमलं होतं. अठरा मुलं होती. आम्हाला मूल नव्हतं, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको. रजिस्टरवर माझं नाव होतं, शालिनी विश्राम मेस्त्री, आणि दारात मी दिसले की ती अठरा पोरं एका सुरात “बाईऽऽ” करून ओरडायची. त्या ओरडण्यासाठी मी पोहतसुद्धा गेले असते.

जायला तरीची होडी होती. भिकू तरीवाला माणसं अलीकडून पलीकडे न्यायचा. तो थकला, होडी विकली आणि मुलाकडे मुंबईला गेला. रस्त्याने जायचं तर दोन एसट्या बदलून, सगळी खाडी वळसा घालून, अकरा वाजता पोचायचं. अंगणवाडी नऊला उघडते.

आमच्या वरच्या सुपरवायझर पेडणेकरबाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, “शालिनीबाई, तुमची अडचण मला कळते. पण रजिस्टरला कळत नाही. वीस तारखेला सोमवार आहे. नऊ वाजता मी कातळवाडीत येईन. दार उघडं दिसलं तर पुढे चालू. नाही दिसलं तर तिथल्या पंचायत सदस्यांच्या सुनेचा अर्ज माझ्या पर्समध्ये आहेच.”

हातात तीन आठवडे होते.

वल्हं मला माहेरपासून येतं, ती काही अडचण नव्हती. अडचण वजनाची होती. ह्यांच्या हातची होडी म्हणजे आठ माणसं बसणार आणि चार माणसं ओढणार. ओहोटीला चिखलातून ती मी एकटीने कशी ओढायची? पातळ फळ्यांची केली तर हलकी होईल, पण पातळ फळी पाणी धरणार नाही. तिला वरून फायबरचं कातडं चढवलं तर धरेल. हे मला टाकीची दुरुस्ती बघताना सुचलं. भावजींचा कारखाना तेव्हा बंद पडला होता आणि ते गावोगाव टाक्या सांधत फिरत होते. रेझिनचे, म्हणजे फायबरच्या चिकट रसाचे, दोन डबे आणि काचेच्या धाग्यांची चटई त्यांच्या माळ्यावर पडून होती.

मी ह्यांना म्हटलं, “भावजी म्हणत होते, सांगाडा उभा करावा तर दादानेच. दुसऱ्या कुणाच्या हाताला तो बाक येणार नाही.”

मग वीस पावलं चालून भावजींना म्हटलं, “हे म्हणत होते, फायबर काही वाईट नसतं. मधुकरसारखा हात असला तर लाकडाचं आयुष्य वाढतं म्हणाले.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवात फणसाच्या फळ्या येऊन पडल्या आणि संध्याकाळी रेझिनचे डबे माळ्यावरून उतरले.

काम झकास चाललं. सकाळी हे, संध्याकाळी भावजी. अकरा फुटांची, नाळ म्हणजे पुढचं टोक थोडं उचललेलं, पोटात गोल, अशी देखणी होडी होत होती, आणि ज्या दोघांनी ती बांधली ते एकमेकांना मांडवात एकदाही भेटले नव्हते.

फायबर चढवायच्या आदल्या दिवशी, बुधवारी, भावजी मला म्हणाले, “वहिनी, नीट ऐक. सांग त्याला, लाकडाला तेलाचा थेंब लावायचा नाही. बापाची सगळी थेरं इथे नकोत. तेल लागलं तर फायबर धरणार नाही, केळीच्या सालीसारखं सोलून निघेल. आणि सांग, थोडी अक्कल शिल्लक असेल तर रंधा मार आणि कोरडं ठेव.”

मी निघाले. तुळशीपाशी मी ‘अक्कल’ काढली. न्हाणीच्या कोपऱ्यावर ‘बापाची थेरं’ काढली. सासऱ्यांबद्दल वाकडा शब्द गेला असता तर ह्यांनी होडी न्हाणीच्या दाराच्या वाटेने धाडली असती. पडवीत पोचले तेव्हा हातात फार काही उरलं नव्हतं.

“म्हणतात, रंधा सुरेख मारलाय,” मी सांगितलं. “आता फक्त कोरडं ठेवा म्हणाले.”

“सुरेख म्हणाला?” ह्यांनी कप खाली ठेवला.

“होय तर.”

हे खूश झाले. इतके खूश मी त्यांना फार वेळा बघितलेलं नाही. गुरुवारी पहाटेच उठून मांडवात गेले ते नऊ वाजेपर्यंत आलेच नाहीत.

संध्याकाळी भावजींनी फायबर चढवलं. बालदीत रेझिन ओतायचं, हार्डनर मोजून घालायचा, चटई अंथरायची आणि ब्रशने रेझिन पाजत सुटायचं. सगळं भराभर, कारण एकदा आवळायला, म्हणजे घट्ट व्हायला लागलं की थांबत नाही. वास तर असा की शेजारच्या म्हातारीने दार लावून घेतलं. मांडवात थोडा माशाचाही वास येत होता, पण आमच्याकडे माशाचा वास आला म्हणून कोण चौकशी करतं?

शनिवारी दहाला भरती होती. होडी पाण्यात घालायची होती. त्या दिवशी पहिल्यांदा असं झालं की दोघांनाही यायचं होतं आणि दोघांपैकी कुणालाच मागे राहायचं नव्हतं. हे बांधावर ह्या टोकाला, भावजी त्या टोकाला. होडीला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, मी पदर खोचला आणि बसले.

होडी फुलासारखी हलकी चालली. मी पन्नास हात आत गेले आणि मला हसूच आलं. मग पायाला गार लागलं. बघते तो घोट्यापर्यंत पाणी. मी वळवली. काठाला लागेपर्यंत पाणी पोटऱ्यांवर आलं होतं. दोघंही खाली धावले, होडी ओढून चिखलावर घेतली आणि उलटी केली. तळाचं फायबर सुटलं होतं. अगदी भावजींनी सांगितलं होतं तसंच, सालीसारखं.

भावजींनी सुटलेला तुकडा उचलला, मागची बाजू नाकाशी नेली. मग सरळ ह्यांच्याकडे बघितलं आणि बोलले. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

“तेल लावलंस तू.”

“लावलं,” हे म्हणाले. “मुशी माशाचं. दोन हात दिले. बाबा प्रत्येक होडीला द्यायचे.”

“लावू नको म्हणून निरोप धाडला होता.”

“कधी?”

“बुधवारी.”

“बुधवारी तुझा निरोप आला की रंधा सुरेख मारलाय.”

“मी म्हणालो? तुझ्या रंध्याला? सुरेख?”

“मलाही जरा नवलच वाटलं.”

मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी साडीचा घोळ पिळत होते. पिळण्यासारखं पाणी त्यात राहिलं नव्हतं, तरी पिळत होते. होडी गेली, सोमवार गेला, ती अठरा पोरं सदस्यांच्या सुनेला बाई म्हणणार, आणि वर हे.

“वहिनी,” भावजी म्हणाले, “मी बुधवारी काय सांगितलं होतं?”

मी सगळं सांगितलं. अकलेसकट.

“‘बापाची थेरं’ म्हणाला?” ह्यांनी विचारलं.

“म्हणाले.”

“आणि मला का नाही सांगितलंस?”

“थेरं काढून टाकली,” मी म्हटलं. “त्याला चिकटून तेलही निघालं.”

ह्यांचं डोकं सावकाश चालतं, पण एकदा चाललं की थांबत नाही. “मला कावीळ झाली होती,” हे म्हणाले, “तेव्हा रोज सकाळी ह्याच्याकडून शहाळं यायचं.”

“मी नाही धाडलं,” भावजी म्हणाले.

“मी पाडून घ्यायची,” मी म्हटलं.

“आणि दर गणेशचतुर्थीला मला मोदक यायचे,” भावजी म्हणाले. “दादाने काढून ठेवलेत, म्हणायचीस.”

“मी?” हे म्हणाले. “मी कुणाला मोदक काढून ठेवीन?”

“तेच मी दर वर्षी म्हणायचो! माणूस बदलला म्हणायचो!”

“गेल्या शिमग्याला तू निरोप धाडलास, पालखीला माझ्या शेजारी उभा राहा म्हणून.”

“मी? मला तर निरोप आला की तूच बोलावलंयस!”

“मग आलो दोघंही.”

“आलो आणि तोंडं फिरवून उभे राहिलो.”

असं एकेक निघत गेलं. दोघंही मोठमोठ्याने बोलत होते, आणि ज्याचं त्याला कळत नव्हतं की आपण कुणाशी बोलतो आहोत. बांधावर चार बायका येऊन उभ्या राहिल्या. मी खाली मान घालून एकेक गोष्ट कबूल करत होते. नऊ वर्षं म्हणजे पुष्कळ होतात. माझं मलाच आठवत नव्हतं इतकं मी त्या दोघांना देऊन बसले होते.

मग भावजी एकदम थांबले. त्यांचा आवाज खाली आला.

“नलू गेली तेव्हा,” ते म्हणाले, “दारात येऊन वहिनीने मला सांगितलं. तू म्हणालास म्हणून. की ‘माझी धाकटी बहीण गेली. त्याला सांग, मला तोंड दाखवायला होत नाही, पण माझी बहीण गेली.’” ते ह्यांच्याकडे बघतच नव्हते, हातातल्या फायबरच्या तुकड्याकडे बघत होते. “त्या वर्षात मी त्या एका गोष्टीवर उभा राहिलो. आता सांग. तेही हिचंच?”

मला वाटलं आता खाडीत जाऊन बसावं. बाकी सगळं एक वेळ माफ होईल, हे होणार नाही.

हे फळीवर नखाने रेघ ओढत होते. तेलाचा काळा मळ नखात आला, तो त्यांनी अंगठ्याने काढला, आणि पुन्हा रेघ ओढली.

“शब्द हिचे,” हे म्हणाले.

एवढंच. नलू गेली त्या दिवशी मी ह्यांना विचारलं होतं, भावजींना काय सांगू? हे खाटेवर बसले होते. तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. मी पुष्कळ वेळ थांबले. मग निघाले, आणि ह्यांना जे म्हणता आलं नाही ते चालता चालता मीच जुळवलं. मला दुसरं काय सुचणार होतं?

भावजींनी तुकडा खाली टाकला आणि शर्टाच्या बाहीने नाक पुसलं. पाणी उतरायला लागलं होतं. नऊ वर्षांत इतकं एकदम बोलून झाल्यावर दोघंही दमले असावेत.

शेवटी हे माझ्याकडे वळले. “त्याला विचार, तेल निघतं का.”

“अहो, ते इथेच उभे आहेत!” मी ओरडलेच. “तुम्ही विचारा की!”

“तू विचार.”

मी विचारलं. “तेल निघतं का, भावजी?”

“सांग, निघतं,” भावजी म्हणाले. “रंध्याने वरचा पापुद्रा काढायचा आणि थिनरने तीन वेळा पुसायचं. पण आज-उद्यात करायचं तर दोन माणसं लागतील. एका वेळी.”

“ऐकलं,” हे मला म्हणाले.

घरी येताना हे पुढे, मी मागे. तुळशीपाशी थांबले आणि न वळता म्हणाले, “नऊ वर्षं.”

“होय.”

“एकही निरोप खरा नव्हता?”

मी आठवून बघितलं. “एक होता. विहिरीचा रहाट मोडलाय, तो.”

ह्यांनी मान हलवली आणि आत गेले. मला ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, मी तयारीत होते.

शनिवारची दुपार आणि रविवार दोघं मांडवात होते. एक नाळेकडून, एक मागच्या बाजूने. रंधा ह्यांचा, थिनर भावजींचा. आणि मी मधे पाटावर. कारण थेट बोलायचं दोघांनाही जमेना. भांडण होतं तेव्हा जमलं होतं, आता शांतपणे जमेना.

“त्याला सांग, रंधा इतका खोल नको, फळी संपेल.”

“ते म्हणतात, रंधा इतका खोल नको, फळी संपेल.”

“सांग, फळी माझी आहे. मला कळतं.”

“हे म्हणतात, फळी त्यांची आहे. त्यांना कळतं.”

चार हातांवरून दोघंही एकमेकांचं नीट ऐकत आणि मग माझ्याकडून पुन्हा ऐकत. एक शब्द मी इकडचा तिकडे केला नाही. करायची सोयच नव्हती. संध्याकाळपर्यंत माझा घसा बसला. जेवायला दोघांना एकाच पंगतीला वाढलं, कारण दोन्हीकडे जाऊन वाढण्याची ताकद माझ्यात उरली नव्हती. भावजींनी आमटी दोनदा घेतली.

पातळ झालेल्या फळीवर भावजींनी चटईचे दोन थर दिले. “आवळलं की रात्रभर हात लावायचा नाही,” ते म्हणाले. ह्यांनी मुशीच्या तेलाची बाटली उचलली आणि आपणहून घरात नेऊन ठेवली.

सोमवारी साडेसातला मी होडी पाण्यात घातली. पाण्यात मधोमध गेल्यावर खाली बघायची हिंमत होईना. मी पलीकडच्या माडांकडे बघत वल्हवत राहिले. पायाला गार लागतं का, एवढंच लक्ष. लागलं नाही.

होडी मी एकटीने चिखलातून ओढली, माडाला बांधली, टेकडी चढून गेले आणि अंगणवाडीचं दार उघडलं. तीन आठवड्यांत कोळिष्टकं झाली होती. झाडू फिरवला. पोरं यायला लागली आणि दारातूनच “बाईऽऽ” करून ओरडली. मी फळ्याकडे तोंड करून डोळे पुसले. मला रडू आलं होतं, ते लपवण्यासारखं काही नाही.

पेडणेकरबाई नऊ वाजून दहा मिनिटांनी आल्या. माझ्या साडीला गुडघ्यापर्यंत चिखल होता.

“होडीने आलात?”

“होय.”

“कुणाची होडी?”

“माझी,” मी म्हटलं.

त्यांनी रजिस्टरवर सही केली, पर्समधला तो अर्ज काढला, चार घड्या केल्या आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातला. टेबल हलायचं थांबलं.

दुपारी मी परत निघाले. अलीकडे येते तो दोघंही आलेले. हे गुडघाभर पाण्यात उभे, होडी धरायला. भावजी वर बांधावर, बरेच लांब, हाताची घडी घालून. वारा सुटला होता.

ह्यांनी नाळ धरली आणि आत वाकून बघितलं. तळाशी ओंजळभर पाणी होतं, ते माझ्या वल्ह्याचं. ह्यांनी बोट फिरवून बघितलं. होडीच्या पोटावरून, फायबरवरून, हात फिरवला, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

“नोकरी राहिली का?” त्यांनी विचारलं.

“राहिली.”

“हं.” मग बांधाकडे न बघता म्हणाले, “त्याला जाऊन सांग, होडी बरी झालीय.”

मी साडी सावरून निघाले, तर मागून म्हणाले, “आणि तुझं काय घालायचं ते घाल वर.”

मी बांध चढायला लागले. सवयीने शब्द तयार व्हायला लागले होते, सुरेख, कारागीर, तुझ्यासारखा हात नाही. वर पोचले तेव्हा भावजी माझ्याकडे बघत होते.

“हे म्हणतात, होडी बरी झालीय.”

“आणि?”

“आणि काही नाही.”

“एवढंच म्हणाला?”

“एवढंच.”

भावजींनी हाताची घडी सोडली.

“मग खरंच म्हणाला असेल,” ते म्हणाले, आणि होडीची दुसरी बाजू धरायला पाण्यात उतरले.